बटणांच्या वाटा

लातुरातल्या एका क्लासमध्ये मन्मथ स्वामी अठरा वर्षं प्रश्नपत्रिका टाइप करत होते. मूळचे कंधारचे. हात असा चालायचा, की शेजारच्या टेबलावरची अंजू म्हणायची, "काका, तुमचं टायपिंग ऐकलं की झोप येती बघा."

पन्नाशी ओलांडली आणि नजरेच्या कडांना धुकं यायला लागलं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "तळं काठाकाठानं आटतं ना, तशी नजर आत आत येत जाईल. मधलं बरीच वर्षं दिसेल." मन्मथरावांनी हे फक्त बायकोला, जगदेवीला सांगितलं. क्लासमध्ये अवाक्षर काढलं नाही.

खरा छळ माऊसचा. स्क्रीनवरचा बाण पाखरासारखा भुर्रकन कुठंतरी जायचा आणि शोधता शोधता डोळे भरून यायचे. एका दुपारी सगळे डबा खायला गेले होते. मन्मथरावांनी फिजिक्सच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं, शॉर्टकट कीच्या चौकटीत पी दाबलं. कंट्रोल आणि ऑल्ट आपोआप पुढं येऊन बसले. मग तिन्ही बटणं एकदम दाबली, तर फिजिक्सचं फोल्डर समोर हजर! बाणाची गरजच नाही.

त्यानंतर रोज दुपारी एक बटण. केमिस्ट्रीला सी, जीवशास्त्राला जे, अक्षरं मोठी दाखवणाऱ्या भिंगाला बी. जगदेवीची नेलपॉलिशची बाटली एक दिवस खिशात घालून नेली आणि चार बटणांवर एकेक थेंब ठेवला. वाळलेला थेंब बोटाला बारीक खड्यासारखा लागायचा.

डोळे मिटून ते बोटं फिरवायचे, तेव्हा खोली हळूहळू मागं सरायची. लहानपणी कंधारला किल्ल्याच्या खंदकाकडं जाणाऱ्या बोळातून ते भिंतीला हात लावत असेच चालायचे. इथं खडबडीत दगड, इथं भिंतीतून निघालेलं पिंपळाचं मूळ, आणि इथून पुढं पाण्याचा गार वास. आता पीपाशी वळायचं, जेपाशी थांबायचं. एक बटण मात्र उगाच केलेलं. के दाबलं की खंदकाचा फोटो उघडायचा. हिरवं, जराही न हलणारं पाणी. त्यात बघत बसलं की क्लासशेजारच्या दाळमिलची घरघरसुद्धा लांब कुठंतरी विरून जायची.

जूनमध्ये क्लासनं सगळे कॉम्प्युटर बदलले. सकाळी मन्मथराव येऊन बसले, बोटं सवयीनं पडली. काहीच उघडलं नाही. पुन्हा दाबलं. समोर नुसता निळा पडदा. आपलं गावच कुणी उचलून नेलंय, असं त्यांना वाटलं. माऊसवरचा हात गोल गोल फिरत राहिला.

अंजू उठून आली. "काका, काय शोधायलात? बाण तर हितंच हाय की, कोपऱ्यात."

"मला न्हाई दिसत, अंजू." त्यांचा आवाज इतका हळू होता, की तिला वाकावं लागलं. "कडेचं काहीच दिसत न्हाई. लई दिवस झाले."

अंजू खुर्ची ओढून शेजारी बसली. जुन्या कीबोर्डच्या पीवरचा नेलपॉलिशचा थेंब तिनं कधीच हेरला होता. "सांगा. पी कशाला होतं?"

त्यांनी डोळे मिटले. टेबलावर बोटं ठेवून एकेक वाट सांगत गेले, ती एकेक बटण बसवत गेली. एकतीस भरली.

"के?"

"पाण्याला," ते म्हणाले. तिनं जुन्या मशीनमधून फोटो तेवढा आणला.

दुपारी ते स्वतःच क्लास चालवणाऱ्या सरांकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"टायपिंगमध्ये चुका व्हायल्यात का?" सरांनी विचारलं.

"न्हाई, सर."

"मग बसा की कामाला. अन् स्वामी, असं लपवून ठेवत जाऊ नका."

बाहेर आले तेव्हा पायांत पिसं भरल्यासारखं हलकं वाटत होतं.

आठवडाभरानं एका टळटळीत दुपारी त्यांचं बोट चुकून एका नव्याच बटणावर पडलं आणि दाळमिलची घरघर नको म्हणून कानाला लावलेल्या हेडफोनमधून बाईचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा करत ती समोरचा प्रश्न वाचत होती: "एक दगड सरळ वर फेकला..."

मन्मथराव दचकले. शेजारी अंजू खाली मान घालून टाइप करत होती, गालात हसू दाबलेलं. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि तो दगड वर वर जाताना ऐकत राहिले.