इंग्रजी मुलखातली सायकल

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे ठाऊक असून लिहितो, माफी असावी.

आम्ही चकलांब्याचे, निजामाच्या राज्यातले. इंग्रजांचं पुणे आम्हाला परदेशच. आमच्याकडे समोरून वडीलधारं माणूस आलं, की घोडं असो वा गाडी, खाली उतरून रामराम करायचा. पुण्यात सायकल शिकलो, पण ही सवय सुटेना. वार्षिक परीक्षेला निघालो आणि दिसेल त्या पगडीसाठी भर रस्त्यात उतरू लागलो. मागे टांगे खोळंबले.

पोलिसानं हटकलं, "अहो, सारखे उतरता कशाला?"

"वडील माणसं येतायत, साहेब."

"मग संध्याकाळीच पोचाल! डावी बाजू धरा, नुसती मान लववा अन् चला."

तसाच गेलो, तरी अर्धा तास उशीर झाला. इतिहासाचे दोन प्रश्न राहिले. आता नापास होणार, या धास्तीनं सुटीत गावी मला जेवण जाईना.

वडील हसून म्हणाले, "मोठ्यांना मान देऊन कुणी नापास होत न्हाई बाबा."

महिन्याभरानं पुण्याच्या सोबत्याचं कार्ड आलं: मी पास झालो होतो, इतिहासात अगदी काठावर.