टीनाचे दात

डॉग युनिटला पोस्टिंग आल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "सैन्यात जाऊन कुत्रे राखणार?" आम्ही दाभोळचे. वडील आणि थोरला भाऊ होडीवर, आई मासे विकायची. आमच्याकडे कुत्रा म्हणजे सुकत घातलेल्या मासळीभोवती घुटमळणारा, दगड मारून हाकलायचा. माझीही समज याहून वेगळी नव्हती.

ट्रेनिंग सेंटरला माझ्या ताब्यात एक पिवळसर लॅब्रॅडोर पिल्लू दिलं. नाव टीना. स्फोटकं हुंगून काढण्यासाठी तिला तयार करायचं होतं. पहिल्याच आठवड्यात माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. बुटाची नाडी, बोटं, कानाची पाळी, जे सापडेल ते ती धरायची. एकदा रक्त आलं तेव्हा मी हात उगारला. इन्स्ट्रक्टर सुभेदारसाहेब मागेच उभे होते.

"मारना नहीं," ते म्हणाले. "आज हाथ से डरेगी, तो कल इसी हाथ का इशारा कैसे मानेगी?"

"साहब, काटती है."

"बच्चा है. ज़ोर कितना लगाना है, वो तू सिखा."

त्यांनी दाखवलेली पद्धत साधी होती. दात लागले की हात झटकायचा नाही. झटकला की तिला तो खेळ वाटतो. हात ढिला सोडायचा, एकदाच मोठ्याने "आऊ" म्हणायचं आणि उठून पाठ फिरवायची. थोडा वेळ तिच्याकडे बघायचं नाही. परत आल्यावर हाताऐवजी दोरीची गाठ द्यायची, ती चावली की शाबासकी. दमलेलं पिल्लू जास्त चावतं, तेव्हा त्याला सरळ झोपवायचं. आणि केनेलमधल्या सगळ्यांनी हेच पाळायचं.

न पाळणारा एकच होता, नाईक प्रेमसिंग. गढवालचा, माझ्या शेजारच्या कॉटवरचा. कोणी बघत नसलं की तो टीनाला आपला अंगठा चघळायला द्यायचा. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "यार, घर पे बेटी के दाँत आ रहे हैं. मैं तो देख नहीं पा रहा."

मी म्हटलं, "अंगठा दे, पण जोरात चावली की उठायचं." तेव्हापासून तो उठू लागला. नाइलाजाने, पण उठायचा.

टीना वाढली तसं तिचं तोंड मऊ झालं. मैदानाच्या टोकाला कच्चं अंडं ठेवलं तर न फोडता आणून माझ्या हातात द्यायची. शेवटच्या दिवशी सुभेदारसाहेबांनी ते अंडं उकडून मला खायला लावलं. आमचं ट्रेनिंग असं संपलं.

पुढे मी, टीना आणि प्रेमसिंग काश्मीरमध्ये एकाच ठिकाणी होतो. सैन्याच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय निघण्याआधी रस्ता तपासणं हे रोजचं काम. लांब दोरीवर टीना पुढे, मागे मी, बाजूला रायफल घेऊन कव्हर देत प्रेमसिंग. थंडीत तिच्या पंजांत बर्फ अडकायचा. तो काढताना ती माझा कान चाटायची. बहुतेक दिवशी काही सापडत नसे.

त्या सकाळी रस्त्याखालच्या एका मोरीपाशी ती थांबली, हुंगली आणि खाली बसली. बसणं म्हणजे इंडिकेशन, इथे स्फोटक आहे अशी खूण. मी रेडिओवर बोललो.

"डॉग ने इंडिकेशन दिया है. कॉन्व्हॉय रोको. ओव्हर."

"रॉजर. पीछे हटो. आउट."

मी टीनाला बोलावलं. आम्ही मागे फिरलो. तेवढ्यात रस्त्याकडेच्या दगडांत लपवलेलं दुसरं स्फोटक फुटलं. प्रेमसिंग त्या बाजूला होता.

धूळ बसली तेव्हा तो पडलेला दिसला. शुद्धीवर होता. माझ्याकडची सगळी फील्ड ड्रेसिंग मी त्याच्या मांडीला बांधली. दुसरे जवान पोचले, त्यांनी त्याला उचललं. मग मी टीनाकडे वळलो. तिच्या मागच्या पायात आणि कुशीत छर्रे घुसले होते.

जवानांबरोबर आलेला नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "पहले मुँह बाँधो." त्याचं बरोबर होतं. वेदनेत कुत्रा मालकालाही फाडतो. पण पट्ट्या सगळ्या प्रेमसिंगला लागल्या होत्या, आणि दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने जखमेवर दाब दिला, तेव्हा ती किंचाळली आणि माझं मनगट तिने तोंडात धरलं. दात मला जाणवत होते. तिचं सगळं अंग थरथरत होतं. जबडा मात्र तिने आवळला नाही. त्याचं काम होईपर्यंत ती तशीच धरून राहिली. नंतर पाहिलं, कातडीवर ओरखडाही नव्हता.

प्रेमसिंग हेलिकॉप्टरमध्ये गेला. हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही.

टीना वाचली, पण कामावर परतली नाही. बरी झाल्यावर तिला सेंटरला पाठवलं. गाडीत चढवताना ती माझ्याकडे बघत होती, मीही तिच्याबरोबर चढेन असं तिला वाटलं असावं. मला नवा डॉग मिळाला. तो चांगला होता, त्याच्याविषयी तक्रार नाही. सुट्टी जोडून टीनाला भेटून यायचं मी दरवर्षी ठरवत असे. एके दिवशी सेंटरमधल्या दोस्ताचा फोन आला की टीना गेली. झोपेतच गेली म्हणाला.

आता मी रिटायर होऊन दाभोळला असतो. अलीकडेच शेजारच्या दत्तारामने पिल्लू आणलं. चावरं निघालं. "तात्या, ह्याला एक दिली ना थोबाडीत, की गप र्‍हाईल," तो म्हणाला. मी ते पिल्लू काही दिवस आमच्या ओटीवर ठेवून घेतलं आणि शिकवून परत दिलं. ते गेल्यावर माझी बायको सुलभा म्हणाली, "आपणही पाळूया की एखादं." मी नको म्हटलं.

प्रेमसिंगची मुलगी नोकरीला लागली आहे. कधीतरी तिचा फोन येतो. वडील तिला आठवत नाहीत. मागे एकदा तिने विचारलं, "अंकल, पापा हँसते कैसे थे?" हसणं फोनवर कसं सांगायचं?

त्या दिवशी मोरीतलं स्फोटक काढल्यावर कॉन्व्हॉय त्याच रस्त्याने सुखरूप गेला. सुट्टीवर निघालेले जवान होते त्यात. आज ते आपापल्या गावी असतील, काहींना नातवंडंही झाली असतील. त्यांच्या आधी त्या रस्त्यावर कोण चाललं होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. नाईक प्रेमसिंग होता, आणि टीना.