श्रीरंग बोडसच्या सात डब्या

श्रीरंग बोडस मला तीस वर्षं छळतो आहे, आणि गेलं सव्वा वर्ष तर त्याने मला त्याच्या बॉथेलच्या घराच्या गराजमध्ये बसवून छळलं. रिटायर झालेली माणसं टोमॅटो लावतात, नातवंडं सांभाळतात, फार तर मंडळाच्या कमिटीत शिरून भांडतात. ह्याने माउथ ऑर्गन काढला. सगळी नोकरी टेस्ट इंजिनियर म्हणून केलेली. वस्तू बिघडेपर्यंत वापरून बघायची आणि वहीत लिहून ठेवायचं, एवढंच त्याला नीट जमतं.

कारण होतं त्याची बायको. वसुधावहिनींचे दोन्ही कान जात चालले होते. दोन्ही कानांत मशीन होती, समोर बसून सावकाश बोललं की कळायचं. पण उरलंय तेही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. सांगलीच्या कॉलेजात गॅदरिंगला श्रीरंगने माउथ ऑर्गनवर एक गाणं वाजवलं होतं आणि शेवटचा सूर असा काही लांब धरला होता, की त्या सुरापायीच आपण ह्या माणसाशी लग्न केलं, हे वहिनी अजून कबूल करतात. तो सूर त्यांनी आणखी एकदा ऐकावा, कान जायच्या आधी, एवढंच त्याला हवं होतं. एवढंच म्हणतो मी, पण ते त्याला किती हवं होतं ते मी बघत होतो.

वहिनींपर्यंत पोचायला आवाज मोठा हवा. म्हणून माउथ ऑर्गन आणि माइक एकाच मुठीत धरायचा आणि अँपचा आवाज वाढवायचा. पण वाढवला की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि सगळं मिळून किंचाळायला लागतं. ह्याला फीडबॅक म्हणतात. शेजारचा कुत्रा त्याला काय म्हणायचा ते मी लिहीत नाही.

ही किंचाळी मारायला डब्या मिळतात, वायरीच्या मध्ये जोडायच्या. पहिल्या डबीने किंचाळी मारली, पण श्रीरंगने लांब सूर धरला की ती तोही मारायची. एकाच पट्टीत लांबणारा आवाज म्हणजे किंचाळी, एवढीच तिची अक्कल. दुसरी हळू आवाजाला दारच उघडायची नाही, त्यामुळे प्रत्येक ओळीचं तोंड गायब. तिसरी सूर केसभर सरकवायची. किंचाळी बंद झाली, पण गाणं असं बेसूर, की मी उठून चहा करायला गेलो. चौथी, पाचवी आणि सहावीबद्दल मला विचारू नका.

मी अँपचं बटण सांभाळायचो. वहिनी समोर घडीच्या खुर्चीत. वाजवून झालं की श्रीरंग विचारायचा, "वसुधा, कसं झालं?" वहिनी म्हणायच्या, "छान झालं." मग तो वहीतल्या शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण करायचा. बेसूर तिसऱ्या डबीलाही खूण आहे, मी स्वतः पाहिली. ह्या बाईंनी पॉटलकला कुणाच्या कच्च्या पुरणपोळीलाही कधी नावं ठेवली नाहीत. त्यांना परीक्षक नेमायचं आणि त्यांच्या 'छान'ला मोजमाप समजायचं, ही चूक त्याने केली, आणि मी शेजारी बसून ती होऊ दिली.

सातवी डबी मात्र चालली. काय कापायचं आणि काय सोडायचं, हे तिला हाताने शिकवता यायचं. दोन महिने त्याने ते शिकवलं. थँक्सगिव्हिंगला त्याची मुलगी प्रीता आली होती, तिच्यासमोर वाजवायचं ठरलं. मी म्हटलं, "यार, ते गॅदरिंगचं गाणं आता माझ्या स्वप्नात येतं. आज प्लीज दुसरं काहीतरी वाजव." त्याने दुसरंच वाजवलं. आवाज भरपूर, किंचाळी नाही, आणि शेवटचा सूर असा आला की मी बटण सोडून टाळ्या वाजवल्या.

वहिनींनी डोळे पुसले. म्हणाल्या, "छान झालं. हे गाणं ऐकलं की आपलं गॅदरिंग आठवतं."

श्रीरंगने वही उघडली आणि तशीच मिटली.

प्रीता वहिनींना कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि परत आल्यावर तिने मला बाहेर ड्राइव्हवेवर गाठलं. "काका, आईच्या मशीनमध्ये पण तीच सिस्टिम आहे. लाँग नोट आली की ते फीडबॅक समजून कट करतं. शी हिअर्स अ काइंड ऑफ थरथर. दॅट्स इट."

"मग ते ऑफ करायला सांग."

"केलं होतं त्यांनी. ऑफ केलं की मशीनच शिट्टी मारतं. तिचा लॉस खूप जास्त आहे, काका. देअर इज नो सेटिंग फॉर धिस."

म्हणजे सव्वा वर्ष आम्ही अँपशी झगडत होतो आणि खरी डबी वहिनींच्या कानात होती. मला इतका राग आला, की तो कुणावर काढावा तेही कळेना.

पुढच्या रविवारी दुपारी श्रीरंगने मला बोलावलं. सातही डब्या काढून खोक्यात भरल्या होत्या. वायर माइकपासून सरळ अँपमध्ये. त्याने वहिनींना खुणेने मशीन काढायला सांगितली, खुर्ची स्पीकरला टेकवली आणि मला म्हणाला, "फुल कर."

मी बटण फिरवलं. त्याने माउथ ऑर्गन ओठांना लावला, छाती भरून घेतली, आणि तो फुंकायच्या आत अँप किंचाळला. भिंतीवरचं फावडं थरथरायला लागलं. मी बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात वहिनींनी मान वर केली. "आला," त्या म्हणाल्या. "तुमचा लांब सूर. आला हो."

श्रीरंगने माझं मनगट धरलं. भरलेला श्वास त्याने नाकाने हळूच सोडून दिला आणि माउथ ऑर्गन ओठांना लावून तो तसाच उभा राहिला, अजिबात न फुंकता. मला रडू आवरेना. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अजून दम आहे की तुमच्यात," त्या म्हणाल्या.