महूच्या बसमधला नीळकंठ

राजेंद्र नगरमधल्या ज्या घरात दर रविवारी सकाळी वीस-बावीस पोरं कागद, कात्र्या आणि रिकाम्या काड्यापेट्या घेऊन जमायची, त्या घराच्या भिंतीवर किंवा कपाटावर कागदाचं एक चिटोरंसुद्धा दिसत नसे. दुपारी बाराला शेवटचं पोर बाहेर पडलं की घर असं रिकामं, जणू आताच कुणी भाड्यानं घ्यायला येणार आहे. खळकाकांचा नियमच तसा होता. केलेली वस्तू त्यांच्या घरी ठेवायची नाही आणि आपल्या घरीही न्यायची नाही. वाटेत कुणाला तरी देऊन टाकायची.

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची गरज कुणाला पडली नाही. मैद्याची खळ त्यांच्या नखांत, सदऱ्याच्या बाह्यांवर, कधीकधी तर चष्म्याच्या दांडीवर वाळलेली असायची, म्हणून आम्ही मराठी घरांतली मुलं त्यांना खळकाका म्हणायचो. हिंदी घरांतल्या मुलांचे ते लेईवाले अंकल. काकी स्टोवर खळ शिजवायच्या, कागदाला कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायच्या, आणि मग साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय कुणाला पोह्यांच्या बशीकडे फिरकू द्यायच्या नाहीत.

काकांना एका जागी बसलेलं मी पाहिलं नाही. चहासुद्धा ते उभ्यानं आणि अर्धाच प्यायचे. काकी म्हणायच्या, "सप्तपदीत यांनी आठवं पाऊल टाकलं होतं. भटजींनी धोतर धरून मागं ओढलं." आमच्यामध्ये फिरताना ते एकाच्या बेडकाचा पाय दुमडून देत, दुसऱ्याच्या भिंगरीला टाचणी टोचत आणि तिसऱ्यावर ओरडत, "कागद फिरव बेटा, कैची नाही! कैची आपल्या जागेवर राहू दे." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. गोल कापायचं असेल तर आजही मी कागदच फिरवते. आणि सांगणारा माणूस स्वतः मात्र खोलीभर गरगरत असायचा, याचं आम्हाला फार हसू यायचं.

देऊन टाकण्याच्या नियमावर पहिल्या दिवशी प्रत्येक पोर रडायचं. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "घरी नेलं की कपाटावर जाणार. कपाटावर गेलं की धूळ. धूळ बसली की आई रद्दीत देणार. त्यापेक्षा जिवंत माणसाला दे ना." समोरचा माणूस विचारणार, का देतोस? तर एवढंच सांगायचं, "बनाया है, इसलिए." जास्त बोलायचं नाही. माझा पहिला बेडूक मी इस्त्रीवाल्या भाभींना दिला तेव्हा माझे कान लाल झाले होते. भाभी हसल्या आणि बेडूक गाडीवरच्या कपड्यांच्या ढिगावर बसवला. पुढच्या रविवारी काकांनी हजेरी घेतल्यासारखं विचारलं, "मंजू, कुणाला दिला?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "पाहिला मी. डावा पाय ढिला होता, चिकटवून आलो."

ही काकांची सोमवारची फेरी. सायकलच्या दांड्याला खळीचा डबा अडकवून ते गावभर आमच्या वस्तू बघत हिंडायचे. दूधवाल्याच्या कॅनवरची भिंगरी, चौकीदाराच्या खोपटातला कंदील, पानवाल्याच्या आरशावरचा मासा. फाटलेलं चिकटवायचे, मालकाशी दोन गप्पा मारायचे आणि पुढे निघायचे. लोक त्यांना अर्धवट समजत. आमची आईसुद्धा म्हणायची, या माणसाच्या पायाला भिंगरी आहे आणि पोरांच्याही लावून देतोय.

या फेरीमागची गोष्ट काकींनी सांगितली. काका परदेशीपुऱ्याकडच्या एका मिलमध्ये छापाच्या कापडावरची वेलबुट्टी काढायचे. वीस वर्षं काढली. कापडाचे तागे गाडीत चढायचे आणि जायचे, कुठं ते यांना कधी कळलं नाही. एकदा राजवाड्यापाशी एका बाईच्या साडीवर त्यांना आपली जाईची वेल दिसली. हे तिच्या मागोमाग तीन गल्ल्या चालत गेले आणि म्हणाले, "बहनजी, ये बेल मेरी है." तिच्या नवऱ्यानं कॉलर धरली. काका फाटक्या कॉलरनं घरी आले ते खूश होऊन. "अगं, धुऊन धुऊनही रंग गेला नव्हता," म्हणाले. पुढच्याच वर्षी मिल बंद पडली.

आता माझ्याकडे येते. हे लिहिताना मी तीनदा उठून पाणी पिऊन आले, कारण पुढचं सांगायचं म्हणजे जिवावर येतं.

मी दहा वर्षांची होते आणि माझे हात दगडाचे होते. माझा ससा गाढवासारखा व्हायचा आणि गाढव कशासारखंच नाही. त्या रविवारी आम्ही नीळकंठ करत होतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा पक्षी कापायचा, पोटाला चीर द्यायची, पतंगाच्या निळ्या कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून तो निम्मा चिरेतून पलीकडे काढायचा आणि दोन्हीकडून उलगडायचा. पाठीला दोरा. वारा लागला की पंख हलतात. माझा पक्षी एका दमात कापला गेला आणि पंख दोन्हीकडे सारखे उलगडले. काका जाता जाता थबकले, चक्क थबकले, आणि म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

तो पक्षी मी कुणालाही दिला नाही. फ्रॉकखाली लपवून घरी आणला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवला. पुढच्या रविवारी काकांनी विचारलं, "कुणाला दिला?" कॉलनीतलं नाव घेतलं असतं तर ते सोमवारी तिथं पोचले असते. म्हणून मी म्हटलं, "महूच्या बसवाल्याला." महू म्हणजे शहराबाहेरचं दुसरं गाव; बस गेली की गेली, असा माझा हिशेब.

काका सोमवारी महूची बस थांबते त्या स्टॉपवर जाऊन उभे राहिले. नीळकंठ दिसला नाही तेव्हा त्यापुढच्या सोमवारी बसमध्ये बसून महूला गेले. रविवारी आम्हाला सांगितलं, "ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायची, समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या काचा दिसतात. एकात हनुमानजी होते, एकात लिंबू-मिरची, एकात लहान बाळाचा बूट. आपला नीळकंठ नव्हता. पण भेटेल, जाईल कुठं?" पोरं हसली. मी खाली मान घालून कागद कापत राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काका किती सोमवार महूला गेले मला ठाऊक नाही, पण मी कॉलेजात असतानाही रस्त्यात भेटले की सायकलवरून ओरडायचे, "मंजू, तो महूवाला सापडला नाही गं अजून!"

पुढे माझं लग्न झालं, गावातल्या गावात दोन घरं बदलली, डबा माझ्याबरोबर फिरला. काकांचा रविवार चालू राहिला, पण पोरं मोटारीतून यायची आणि मोटारीतूनच जायची. वाटेत माणूस भेटतच नसे. ती आपल्या बिल्डिंगच्या गार्डला वस्तू देऊन टाकत. एका गार्डकडे नऊ बेडूक झाले म्हणून काका वैतागले होते.

गेल्या थंडीत काका पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी उठायची बंदी केली. हे ऐकून मी डबा पिशवीत घातला आणि निघाले. आज सांगून टाकायचं, मग ते रागावले तर रागावले.

काका पलंगावर होते आणि हातांनी चादरीच्या काठाला घड्या घालत होते. पंख्याच्या घड्या. घालायच्या, सोडायच्या, पुन्हा घालायच्या. मला पाहताच म्हणाले, "काय मंजू, तो महूवाला दिसला का कधी?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "दिसला काका. परवाच."

"काय सांगते! पंख सही आहेत?"

"आहेत."

"हलतात?"

"हलतात."

"बसचा नंबर?"

"तो... नाही पाहिला."

"पागल आहेस का! नंबर नको पाहायला?" असं म्हणत ते कोपरांवर उठायला लागले. काकी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "झोपा हो! कुठं निघालात?"

"सोमवारी जातो," काका म्हणाले, "उशीर झाला तर ड्रायव्हर गाडी बदलेल."

मी डबा तसाच घेऊन परत आले. लहानपणीचं खोटं निदान लहान मुलीचं होतं. हे दुसरं माझं, चाळिशीच्या बाईचं. काकांना त्यानंतर दोन सोमवार मिळाले. दोन्ही सोमवारी सकाळी त्यांनी चपला मागितल्या, असं काकींनी मला तेराव्याला सांगितलं. रडता रडता त्या हसून म्हणाल्या, "मी दिल्या हो. पलंगावरच पायांत घालून झोपले."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी थोडी खळ शिजवली. पक्ष्याचा निळा रंग उडून पार राखी झाला होता आणि एका घडीला चीर गेली होती, ती चिकटवली. मग राजेंद्र नगरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. बस आली. मी पुढच्या बाजूला जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीशी पक्षी वर धरला.

"ये क्या है, मॅडम?"

"नीलकंठ. आपके लिए."

"मेरे को? क्यों?"

माझे कान दहा वर्षांची असताना झाले होते तसेच लाल झाले. मी म्हटलं, "बनाया है, इसलिए."

त्यानं पक्षी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग त्यानं दोरा लिंबू-मिरचीच्या खिळ्याला अडकवला. मागून कंडक्टर "राऊ, महू, महू" ओरडला आणि बस सुटली. काचेतून वारा आला तसे पंख हलताना मला दिसले. बस वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं की नंबर पाहायचा राहिलाच.

मंगळवार ते रविवार कसे काढले ते माझं मला माहीत. कुकर लावावा तर वाटायचं, दोरा कच्चा होता. ऑफिसात बसावं तर वाटायचं, घडी नीट वाळली नव्हती. सोमवारी रजा टाकली आणि सकाळी खळीचा डबा घेऊन स्टॉपवर गेले. पहिल्या बसमध्ये हनुमानजी होते. दुसरीत काहीच नव्हतं. तिसरीत मी चढले आणि ड्रायव्हरच्या मागची सीट पकडली.