तोडून राहिले

सांगलीहून निघताना आईने माझ्या सामानाकडे बघून नाक मुरडलं. "डाळीचे आणि संत्र्यांचे फोटो काढायला चाललीस की लढाईला?"

तिचं अगदीच चुकत नव्हतं. पाठीवर मोठी पिशवी, तीत दोन कॅमेरे, तीन लेन्सा, फ्लॅश, बॅटऱ्यांचा ढीग. खांद्याला तिपाई. शिवाय घडी घालून ठेवायचा चंदेरी रिफ्लेक्टर. उघडला की भलंमोठं सूप वाटतं, आणि मिटताना दर वेळी माझ्याच थोबाडावर येतो. इतकी वर्षं हा धंदा करतेय. लग्नं, बारशी, दागिन्यांची दुकानं, हळदीचे सौदे सगळं टिपलं, पण त्या सुपाशी माझं अजून जमलेलं नाही.

काम झकास होतं. वऱ्हाडी खाण्यावर एक पुस्तक निघणार होतं. पदार्थांचे फोटो मी आधीच सांगलीत, माझ्या स्टुडिओत उरकले होते. आता तीन जागा राहिल्या होत्या: अकोल्यातली डाळ मिल, अमरावतीचा गिला वडा, आणि मुखपृष्ठासाठी फळांनी लगडलेला संत्र्याचा बगीचा. संपादकबाईंनी पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "मुखपृष्ठ नाही जमलं तर सगळं काम पाण्यात." मी म्हटलं, "जमणार नाही असं आजवर झालंय का?" मला असं बोलायची खोडच आहे.

बगीचा चांदूर बाजारकडच्या एका गावात, वच्छलाकाकूंचा. पुस्तकाच्या लेखिकेच्या या लांबच्या नातलग. फोनवर काकूंनी लगेच होकार दिला, पण अट घालूनच.

"काढा ना बापा फोटो. पन एक सांगतो, माहाबी काढा, झाडायसंग. उन्हाळ्यात मी थे झाडं पाडून राहिली."

म्हणजे उन्हाळ्यात त्या झाडं पाडणार होत्या. एवढं मला कळलं. झाडांना डिंक्या लागला होता, म्हणजे बुंध्यातून डिंक गळतो आणि झाड आतून वाळत जातं. नवी कलमं लावायची तर जुनी काढायलाच हवीत. ही झाडं काकूंनी नवी नवरी असताना लावलेली, घागरीनं पाणी घालून जगवलेली. बगीच्याचा हा शेवटचा बहार होता, आणि फळांनी भरलेल्या झाडांबरोबर त्यांचा एकही फोटो नव्हता. "लेकीच्या लग्नाचे हायेत, नातवाचे हायेत. झाडाचा कोनं काढते?" त्या म्हणाल्या. मी शब्द दिला. तोडणीच्या आदल्या दिवशी या, असं ठरलं.

अकोल्यात गाडीतून उतरले तेव्हा हवेत मस्त गारवा होता. रिक्षावाल्याने सामान बघून विचारलं, "शादीचं शूटिंग हाये का?" डाळ मिल म्हटल्यावर तो निराशच झाला.

मिलमध्ये मात्र माझी चैन झाली. तुरीची सोनेरी डाळ यंत्रातून धबाधबा पडत होती, वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात धुरळा नाचत होता. असा उजेड विकत मिळत नाही. तिथल्या मुकादमाने मला टोकलं होतं, "मॅडम, इथं काही खोलू नका, भुकटी लय उडते." मी मानेनंच हो म्हटलं, आणि पाच मिनिटांत लेन्स बदलली. काय करणार, त्या उजेडाला दुसरीच लेन्स हवी होती! फोटो मिळाले. बाहेर येऊन पडद्यावर बघते तर प्रत्येक फोटोत, वरच्या कोपऱ्यात, एकाच जागी करडा ठिपका. तुरीची भुकटी कॅमेऱ्याच्या पोटात जाऊन बसली होती. दुसरा कॅमेरा होता, पण तो लग्नातल्या धावपळीचा. मुखपृष्ठाचं काम मी त्याच्यावर टाकणार नव्हते.

दुपारच्या एसटीने अमरावतीला निघाले. खिडकीबाहेर काळीभोर जमीन, फुटलेला कापूस, मध्ये मध्ये तुरीची पिवळी फुलं. आमच्या उसाच्या पट्ट्यात डोळ्यांपुढे हिरवी भिंत असते, इथे नजर लांबवर धावते. शेजारच्या आजोबांनी मला न विचारता निम्मी खिडकी बंद केली आणि वर म्हणाले, "थंडी वाजते ना तुले." मला वाजत नव्हती. पण इतक्या हक्काने कोणी काळजी घेतली तर काय बोलायचं?

राजापेठेत लॉज घेतला. संध्याकाळी खाली उतरले तर क्लास सुटलेल्या पोरापोरींच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. त्याच गर्दीत गिला वड्याची गाडी सापडली. गिला वडा म्हणजे दह्यात न्हाऊन निघालेला वडा, वर आंबटगोड आणि तिखट चटणी. गाडीवाल्याने विचारलं, "सांभार टाकू का?"

"दह्यात सांबार? नको हो!" मी म्हटलं.

तो गालात हसला आणि पांढराफटक वडा पुढे केला. शेजारच्याच्या वड्यावर हिरवीगार कोथिंबीर बघितली तेव्हा उजेड पडला. इथे सांभार म्हणजे कोथिंबीर! पुस्तकासाठी दुसरी प्लेट घ्यावी लागली, मोठ्या तोऱ्यात "सांभार टाका" म्हणून. वडा असा झकास की मी कॅमेरा बाजूला ठेवून दोन्ही प्लेटा संपवल्या. आणि एक शब्द कळला म्हणजे आता वऱ्हाडी आली, असं मी मनोमन ठरवून टाकलं. नडलं ते तिथेच.

सकाळी राजापेठेतल्याच एका कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार चहा पाजल्याशिवाय कामाला हात लावणाऱ्यांतला. कॅमेरा त्याने खोलला तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू होत्या. मागे गलका चाललेला, आवाज तुटत होता.

"बाई, गाडी आजच आली... संत्रा तोडून राहिले. तुमी कवा येता?"

"तोडून राहिलेत ना? बास, मग दुपारपर्यंत पोचते."

काकू म्हणाल्या, "दुपारी? बरं बापा. तुमची मर्जी." फोन बंद.

मी निवांत झाले. व्यापाऱ्याची गाडी एक दिवस आधी आली, थोडी तोडणी झाली, आणि तोडूनही संत्री राहिलीत. राहिलीत म्हणजे भरपूरच असणार, नाहीतर त्यांनी बोंब नसती का मारली? मी दुसरा चहा मागवला. कॅमेरा लखलखीत होऊन हातात आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दुकानदाराशी कॅमेऱ्यांवर गप्पाही रंगल्या. तो म्हणाला, "जाऊन राहिले का?" मी म्हटलं, "नाही, राहणार नाही, संध्याकाळी परत." तो बुचकळ्यात पडला. मला तेव्हाही कळलं नाही, बघा.

भाड्याची गाडी करून निघाले. चांदूर बाजारच्या वाटेवर समोरून क्रेटांनी खच्चून भरलेला ट्रक आला. नारिंगी रंग नुसता उतू जात होता. मी गाडी थांबवायला लावून, खाली उतरून, त्या ट्रकचे हौसेने फोटो काढले. ट्रकवाल्याने हातही हलवला. माझंच मुखपृष्ठ माझ्या समोरून निघून चाललं होतं आणि मी त्याला टाटा करत होते.

बगीच्यात शिरले आणि जागीच थांबले. रांगेने झाडं, हिरवी, आणि पार रिकामी. खाली कुठे कुठे दबलेली, फुटलेली फळं. बायका शेवटचा ढीग क्रेटांत भरत होत्या. त्यांच्यातून एक उंच, काटक बाई उठून आली. साडीवर पुरुषी पांढरा शर्ट, शेतात काम करताना घालतात तसा, डोक्याला रुमाल.

"या बाई. आल्या एकदाच्या."

"काकू, तुम्ही तर म्हणालात, राहिले!"

"हो ना. तोडून राहिले म्हनलं."

"मग कुठे राहिलेत?"

"आता कायचे राहातेत? आता तं झाले तोडून!"

मग त्यांच्या लक्षात आलं. कमरेवर हात ठेवून त्या हसायलाच लागल्या. "बह्याड हाये का वो तुमी? मी जेवून राहिली मंजे काय? मी उपाशी राहिली?"

बह्याड म्हणजे वेडी, आणि जेवून राहिली म्हणजे जेवते आहे. तोडून राहिले म्हणजे तोडताहेत, आत्ता, या घडीला, धावत या! बाईंनी मला हाक मारली होती आणि मी चहा पीत बसले होते. बाकीच्या बायकाही हसल्या. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. मुखपृष्ठ गेलं ते गेलंच, पण या बाईचा शेवटचा बहार गेला होता. ते काही पुढल्या वर्षी येऊन भरून देता येणार नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

काकूंचं हसू थांबलं. "मले सकायी वाईट वाटलं. थांबवलं असतं मी मानसायले घडीभर. पन तुमी म्हनल्या दुपारी, मले वाटलं, शयरातली बाई, तिले काय पडली." मग माझा चेहरा बघून त्यांनी हात धरला. "चला इकडं."

विहिरीच्या पलीकडे, आडोशाला, एक झाड होतं. फांद्या जमिनीला टेकलेल्या, पानं कमी आणि फळं जास्त. एका फांदीला बांबूचा टेकू दिलेला. व्यापाऱ्याचा माणूस तिथेच क्रेट घेऊन उभा होता.

"काकू, क्रेट भरत नाही. इतकं एक झाड देऊन टाका ना."

"काहून देऊ? सौद्यात नाई थे. लेकीचं झाड हाये."

बगीचा विकताना एक झाड सौद्याबाहेर ठेवायची काकूंच्या घरची रीत. लेक माहेरी येईल, पाहुणा येईल, त्याला झाडावरचं तोडून द्यायचं. लेक नागपूरला असते, पुढल्या आठवड्यात येणार होती. तो माणूस पुन्हा काहीतरी पुटपुटला तशा काकू झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "फोटो काढून राहिली बाई. तू बाजूले हो."

तो बाजूला झाला. मी मात्र लगेच कॅमेरा उचलला नाही. लगडलेला बगीचा मागितला होता, इथे एकच झाड. त्याला असं धरायचं की रिकामी झाडं फ्रेमबाहेर जातील आणि पुण्याला कोणाला पत्ता लागणार नाही, हे मला डोळे मिटून जमलं असतं. पण खोटं कशाला? मी मागे सरकले, चांगली वीस पावलं, विहिरीच्या काठापर्यंत. आता मागे रिकाम्या रांगाही दिसत होत्या आणि पुढे हे एकटं झाड. उतरतं ऊन तिरपं होऊन संत्र्यांवर पडलं होतं.

"काकू, नवी साडी नेसून येता का?"

"कायले? या झाडानं मले याच शर्टात पाह्यलं जनमभर." आणि लगेच धाक घातला, "पाय दिसले पायजे हं. पाय कापून टाकतेत फोटोवाले."

शहरात गिऱ्हाईक म्हणतं, चेहरा जवळून घ्या. इथे पाय हवे होते, त्या काळ्या मातीत रोवलेले. रिफ्लेक्टर उघडला तर काकू म्हणाल्या, "सूप कायले आनलं?" एका बाईच्या हातात तो दिला, तिने तो सुपासारखाच धरला आणि उजेड बरोब्बर काकूंच्या तोंडावर गेला. त्या ताठ उभ्या राहिल्या. हसा म्हटलं, हसल्या नाहीत. एक हात फांदीवर ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. पाय धरून, झाड धरून, मागच्या रिकाम्या रांगा धरून मी फोटो घेतला. पडद्यावर बघितला आणि मला कळलं की मी आजवर यापेक्षा चांगला फोटो काढलेला नाही. हे मी नम्रपणाने वगैरे सांगत नाहीये.

निघताना काकूंनी पिशवीभर संत्री दिली. परतीच्या रेल्वेत एक सोललं तर आख्ख्या डब्यात वास पसरला. मग एकेक फोड सगळ्यांत गेली.

संपादकबाईंचा फोन यायचा तो आलाच. "अहो, बगीचा कुठे आहे? ही तर सगळी रिकामी झाडं!"

"एक भरलेलं आहे ना. आणि तिच्या तोंडाकडे बघा, मग बोला."

त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाय कापू नका म्हणून छापखान्याला सांगते." मी काकूंना मोठी चौकट करून फोटो पाठवला.

हात कॅमेऱ्यावर बसलाय, आता शिकण्यासारखं काय उरलंय, असा माझा समज होता. वऱ्हाडात जाऊन एक क्रियापद शिकून आले. जे आत्ता चाललंय त्यालाच तिकडे 'राहिलं' म्हणतात, आणि माझा धंदा तरी दुसरा कुठला आहे? चाललेलं आहे तोवर पोचायचं, म्हणजे ते राहतं. आता कोणी हाक मारली की दुसरा चहा मागवत नाही.

भर उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. मागे यंत्राची घरघर.

"फोटो भेटला बाई. भितीवर लावला. आज झाडं पाडून राहिले."

या वेळी मला बरोबर कळलं. पाडताहेत, आत्ता, या घडीला.

"आणि लेकीचं झाड, काकू?"

"थे? थे राह्यलं."

हे 'राह्यलं' मात्र आमच्या सांगलीतलंच होतं.