यादीतलं सातवं खातं

“गेम्स! सरकारी सर्व्हरवर गेम्स नावाचं खातं कशाला हो, काका? पत्ते कुटायला?”

“मी नाही बनवलं, मॅडम. मशीनबरोबर आयतंच येतं.”

“म्हणूनच काढायचं ना! अशी बावीस बिनकामाची खाती आहेत. एकेक म्हणजे चोराला उघडं दार.”

“बाकीची एकवीस काढा. हे नक्को.”

“पण कायकू?”

नागोरावांनी यादी स्वतःकडं वळवली. भामा दोन महिन्यांपूर्वी आलेली अधिकारी, त्यांच्या लेकीच्या वयाची. राज्याची दोन राज्यं झाली होती, आता सर्व्हरचीही वाटणी व्हायची. त्याआधी ही साफसफाई. यादी आज संध्याकाळी वर जायची.

नागोरावांना बसल्या जागी थकवा आला. बाप नांदेडकडून येऊन सिकंदराबादला रेल्वेत खलाशी म्हणून अंगमेहनतीच्या कामाला लागला, तिथंच कायम झाला. ते स्वतः शिकून संगणकावर बसले ते अठरा वर्षं कंत्राटावरच. कायम करायची फाईल आत्ता कुठं साहेबांच्या टेबलाशी पोचली होती.

“त्या खात्यावर काम चालतं,” ते शेवटी म्हणाले. “कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकातल्या नोंदी रोज मुख्य यादीत चढतात, त्या तिथूनच.”

“गेम्सवरून?” भामाला हसू फुटलं आणि विझलंही. “नवं खातं का नाही घेतलं?”

“तीन सह्या लागत. एक साहेब रजेवर, दुसरे दुसऱ्या इमारतीत. तिसरे म्हणाले, कंत्राटी माणूस खातं मागतो? चल निकल. मग रिकाम्या खोलीत बिऱ्हाड थाटावं तसं थाटलं. अकरा वर्षं झाली.”

“आणि ते काढलं तर?”

“नव्या नोंदी अडकतील. त्याच मुख्य यादीवरून दोन राज्यांत माणसं वाटणार ना? कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, काही दिसणार नाही. बायको इथं मलकपेठेत आणि नवरा दुसऱ्या राज्यात, विजयवाड्याला.”

“मग काम दुसऱ्या खात्यावर हलवू.”

“हलवू. आठ दिवस लागतील. तोवर हे ठेवायचं तर कारण लिहावं लागेल.”

भामानं यादीचा कागद पुढ्यात ओढला. ‘कोणी वापरलं, कोणाच्या परवानगीनं’ असा रकानाच होता. “मी लिहिते, माहीत नाही म्हणून.”

“मग वरचे म्हणतील, माहीत नाही तर उडवा.”

त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं. सातव्या ओळीपुढं सावकाश लिहिलं: मी वापरलं. परवानगी नाही. खाली नाव, तारीख, सही.

भामा ते पुटपुटत, त्यांचं गिचमिड अक्षर लावत वाचत होती. वाचून झालं तशी तिनं मान वर केली.

“काका, हा कागद साहेबांकडंच जाणार. तुमची फाईलही तिथंच. मग त्या फाईलचं काय?”

नागोरावांनी पेन टेबलावर ठेवलं, खुर्ची आत सरकवली, डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि “उद्यापासून काम हलवायला घेऊ,” म्हणत ते जिन्याकडं चालू लागले.