घुम्या जेवला का?

मला लिहायची सवय नाही. पण आमच्या न्हाव्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि ज्यांना लिहिता येतं ते दाढी घरीच करतात.

त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. दुकानात दोन खुर्च्या. एक गिऱ्हाइकाची, दुसरी काचेच्या टाकीसमोर, त्याची स्वतःची. टाकीत सहा डिस्कस मासे. बशीएवढे, बशीसारखेच गोल नि चपटे, अंगावर निळ्या-नारिंगी रेघा. जात मोठी नाजूक. पाणी मऊ हवं, कोमट हवं, रोज थोडं बदलायला हवं. गिऱ्हाइकांच्या दाढीला बारा महिने गार पाणी. माशांना मात्र तीस अंश म्हणजे तीस अंश.

माशांची नावं त्याने गिऱ्हाइकांवरून ठेवली होती. जाडा तो कंत्राटदार, सगळ्यांना ढुसण्या देत फिरणारा तो हेडमास्तर. एक मासा कायम लाकडामागे उभा असे; इतरांची पोटं भरली की येऊन उरलंसुरलं टिपून जाई. तो घुम्या. हे नाव कुणावरून, हे विचारायचं धाडस मला तीन वर्षं झालं नाही. शेवटी डॉक्टरच्या बायकोनेच सांगितलं, "काका, तुमच्यावरूनच की!"

एकदा डॉक्टरने टाकीत नवं लाकूड ठेवलं आणि पाणी पिवळट, गढूळ झालं. खरा कंत्राटदार केस कापायला बसला होता. म्हणाला, "डॉक्टर, मासे दाढीच्या पाण्यात ठेवलेत का?"

सगळं दुकान हसलं. डॉक्टर हसला नाही.

पुढच्या आठवड्यात पाणी इतकं नितळ झालं की टाकी रिकामी वाटावी. आणि मासे काळवंडायला लागले. पर मिटून कोपऱ्यात थांबायचे, मधेच वर येऊन धापा टाकायचे. डॉक्टरने उपचार सुरू केले. मीठ घातलं. हीटर दोन अंशांनी वाढवला. मग जंताचं औषध, मग बुरशीचं, मग माशांच्या दुकानदाराने "सगळ्यावर चालतं" म्हणून दिलेलं. पाणी एकदा बदलायचा तो दोनदा बदलायला लागला. जितकी सेवा वाढली तितके मासे खालावले.

"बुधवारी कंत्राटदार गेला, आज हेडमास्तर गेला," तो मला सांगत होता. बाकावर बसलेले एक म्हातारबाबा दचकून उठले. "अरे देवा! कधी न्यायचंय?" त्यांची समजूत घालायला बराच वेळ लागला.

घुम्याने आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं. "हा गेला ना काका," डॉक्टर म्हणाला, "तर टाकी कुणाला तरी देऊन टाकतो. माझ्या हाताला यश नाही." वस्तरा माझ्या गळ्यावर होता, त्यामुळे मी मानही हलवली नाही.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. टाकीतला थर्मामीटर त्याच्या हातात पाहून म्हणाली, "माझ्या तापात कधी कपाळाला हात लावला नाहीत. माशाला मात्र दिवसातून चारदा!"

"तुझं तोंड चालू होतं ना, म्हणजे तू बरी होतीस. हा खात नाहीये गं."

दाढी झाल्यावर त्याने माझ्या हनुवटीवर तुरटी फिरवली. महिन्यापूर्वी मुठीएवढा असलेला खडा आता बोराएवढा झाला होता. एवढं कुणाला कापलं, म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. टाकीच्या नव्या पाण्याची बादली शेजारीच होती. तिच्या काठाला पांढरी भुकटी.

मी नोकरीला होतो तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. साहेब नव्हे, बाटल्या धुवायचो. पाणी निवळायला तिथेही तुरटी घालत, पण मोजून, आणि मग गाळ खाली बसवून पाणी गाळत. मऊ पाण्यात ती जास्त झाली तर पाणी आंबट होतं, माशांना बाधतं, असं एक साहेब कुणाला तरी सांगत असताना मी बाटली विसळत होतो. माझी खात्री अशी नव्हती. खात्री मला स्वतःच्या वयाचीही नसते. म्हणून निघालो. पायरी उतरलो. वळून पाहिलं तर लाकडामागून घुम्या माझ्याकडेच बघत होता.

परत आत गेलो. "डॉक्टर, तुरटी बंद करा."

कात्री पुसता पुसता त्याचा हात थांबला. "काका, वीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलंत, ते माझ्या तुरटीवर? अहो, बापाच्या वेळेपासून आम्ही तुरटीने पाणी निवळतोय. बघा, आरशासारखं आहे!"

"दिसतं तसं," मी म्हणालो. बोटाने माशांचे कल्ले दाखवले.

बायकोने खडा उचलला, ओला केला आणि नवऱ्याच्याच गालावर घासला. "काय होतंय?"

"आवळतंय."

"मग? ते बिचारे हेच चोवीस तास कल्ल्यांतून आत घेतायत."

डॉक्टर मटकन बसला, तोही गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. "म्हणजे मीच..."

"तुम्हीच," ती म्हणाली. मग जरा नरमून, "पण मायेनं."

औषधं बंद झाली. साध्या पाण्याचं पिंप भरून त्यात दिवसभर हवेचे बुडबुडे सोडायचे, पाणी कोमट करायचं आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं टाकीत घालायचं. एकदम घातलं तर माशांना धक्का बसतो. हे सगळं त्याला आधीपासून येत होतं. मधे फक्त अब्रू आडवी आली होती. टाकीचा दिवा बंद, वर केस कापताना गुंडाळायची चादर. आठवडाभर गिऱ्हाइकं मानेवर केस घेऊन घरी गेली. पाणी पुन्हा पिवळट झालं. कंत्राटदाराने तोंड उघडताच डॉक्टर म्हणाला, "का, तुम्हाला पोहायचंय?"

मी दोन दिवसांआड दाढी करणारा माणूस, रोज जायला लागलो. "घुम्या जेवला का?" असं विचारायचा धीर होत नसे, आरशातून चादरीच्या फटीतली टाकी दिसायची, ती बघत बसायचो. सहाव्या दिवशी माझ्या गालांवर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी डॉक्टरने साबण लावला. एक गाल झाला. तेवढ्यात आरशात लाकडामागून काहीतरी हललं.

वस्तरा खाली गेला. डॉक्टरने चादर आणखी जरा सरकवली, गोठवलेल्या अळ्यांची चिमूट पाण्यात सोडली. घुम्या मागे सरला. पुढे आला. एक अळी टिपली आणि थुंकली. आम्ही दोघांनी श्वास रोखला. त्याने तीच पुन्हा टिपली, आणि गिळली.

डॉक्टरने तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं, जेवला!"

"कोण?" तिकडून मोठ्याने आवाज आला. "काका?"

मग त्याने माशांच्या दुकानदाराला फोन केला, मेहुण्याला केला, समोरच्या शिंप्याला हाका मारून बोलावलं. माझ्या उरलेल्या गालावरचा साबण वाळून आवळायला लागला. माझं त्या महिन्याचं बोलून झालं होतं.